एअर रायफलला मानवणारा पेलेट शोधताना: ऑक्टोबर ते फेब्रुवारी

परदेशातले रायफलवाले शिशाची गोळी घरी ओततात, दारूचं वजन कणाकणाने बदलतात आणि आपल्या बंदुकीला मानवणारं काडतूस स्वतः भरतात. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आमच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत लष्करासाठी काडतुसं बनतात, पण हौशी नेमबाजाला घरी काडतूस भरायची मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. दहा मीटर एअर रायफलमध्ये मात्र अचूकतेची एक किल्ली पूर्णपणे आपल्या हातात असते, ती म्हणजे पेलेट, हवेच्या दाबाने उडणारी शिशाची छोटी गोळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे याबद्दल सांगणारी माणसं कमी आहेत आणि जो तो ‘अमुक ब्रँड घ्या’ एवढंच सांगतो. आमच्या रेंजवरच्या एका अकरावीतल्या मुलीच्या रायफलसाठी आम्ही ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात हे काम पूर्ण केलं. ते क्रमाने लिहितोय.

ऑक्टोबरमध्ये एक पैसाही खर्च करण्याआधी हिशोब मांडला, कारण हा खटाटोप प्रत्येकाला लागत नाही. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त ०.५ मि.मी. व्यासाचं असतं आणि पेलेट ४.५ मि.मी.चा. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मि.मी.च्या आत पडला की १०.०. त्यापुढे दर ०.२५ मि.मी. आत गेल्यावर ०.१ गुण वाढतो, आणि १०.९ साठी मध्य ०.२५ मि.मी.च्या आत लागतो. नेमबाजाच्या हाताची चूक आणि रायफल-पेलेटची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची बेरीज होते. त्यामुळे मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते.

आकड्यांत सांगायचं तर, वाईट पेलेटचा दहा शॉट्सचा ग्रुप (एकाच नेमावर पडलेल्या भोकांचा पुंजका) सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्य ते मध्य ४ मि.मी. आणि चांगल्याचा १.६ मि.मी. धरा. ज्याची शॉटमागे सरासरी १०.१५ च्या आसपास आहे, म्हणजे ६० शॉट्सला ६०९ होतात, त्याचे वाईट पेलेटने सामन्यात साधारण ८ गुण जातात. ज्याचे जेमतेम ५४० होतात त्याचे साडेतीनच. ५४० वाल्याने पेलेटवर पैसे न घालता ट्रिगर आणि फॉलो-थ्रूवर (शॉट सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवण्यावर) वेळ घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पालक नेमकं उलटं करतात. मुलाला रायफल धरून तीन महिने होत नाहीत तोच महागड्या डब्यांची चौकशी सुरू होते. आमच्या मुलीचे सातत्याने सहाशेच्या वर होत होते, म्हणून आम्ही पुढे गेलो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. ४.५ मि.मी. बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच (सामन्याच्या) रायफलची शक्ती साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास असते. तरी दुकानदार आधारची प्रत मागून नोंद ठेवतो, ती द्यावी आणि बिल जपून ठेवावं. आधी जिल्हा संघटनेचं सभासदत्व, मग महाराष्ट्र रायफल असोसिएशन, मग राष्ट्रीय संघटनेचा नेमबाज ओळख क्रमांक, अशी पायऱ्यांची वाट आहे. प्रत्येक पायरीला काही आठवडे जातात. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एका अक्षरानेही वेगळं असेल तर फॉर्म परत येतो. पेलेटचं काम सुरू करतानाच हे अर्ज टाकून द्यावेत, म्हणजे दोन्ही वाटा साधारण एकाच वेळी संपतात.

दिवाळीनंतर रायफल तपासायला घेतली. बंदुकीतच दोष असेल तर पेलेट बदलून काही हाती लागत नाही. सिलिंडरवरची तारीख आधी पाहिली. हवेच्या सिलिंडरची मुदत त्यावरच छापलेली असते आणि ती उलटलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही. जुनी रायफल विकत घेणाऱ्यांनी हे सौद्याआधी पाहावं. मग ॲक्शन, म्हणजे रायफलची मुख्य यंत्रणा, लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या स्टॉकला (दस्त्याला) धरणारे स्क्रू पाहिले. ते हाताच्या अंदाजाने आवळू नयेत. माहितीपत्रकात दिलेल्या न्यूटन-मीटरनुसार टॉर्क पान्याने आवळावेत. ब्रीचची (नळीच्या मागच्या तोंडाची) ओ-रिंग चपटी झाली असेल तर हवा गळते आणि वेग वरखाली होतो. ही रिंग शंभर-दोनशे रुपयांची असते, पण मापाचीच लागते. पंपाच्या दुकानातली ‘चालून जाईल’ अशी घालू नये.

वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो. साधा सहा-सात हजारांत येतो. आम्ही दोन क्लबांत मिळून एक घेतला. दहा शॉट्सचे वेग लागोपाठ लिहून काढले की रेग्युलेटरची (दर शॉटला सारखाच दाब देणाऱ्या भागाची) तब्येत कळते. आमची रायफल १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास मारते. या वेगाने पेलेटला दहा मीटर जायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो साधारण १७-१८ मि.मी. खाली येतो. वेग एक टक्क्याने घटला की मार ०.३५ मि.मी. खाली जातो. म्हणजे दहा शॉट्समध्ये ३ मी./से. चा फरक असेल तर उभ्या रेषेत ०.६ मि.मी. तिथेच गेले. फरक याहून जास्त दिसला तर आधी रेग्युलेटर आणि सील सर्व्हिसला पाठवावेत. सर्व्हिसिंगला रायफल पुण्या-मुंबईला जाते आणि परत यायला महिनाही लागतो. म्हणून ही तपासणी सामन्यांच्या तोंडावर काढू नये.

नळी साफ करताना फेल्टचे गोळे वापरले. दोन-तीन कोरडे फेल्ट पुरतात. पितळी ब्रश आणि झोंबरी रसायनं मॅच नळीत घालू नयेत. साफ केल्यानंतरचे पहिले दहा-वीस शॉट्स इकडेतिकडे जातात, कारण नळीच्या आत शिशाचा पातळ थर पुन्हा बसायला वेळ लागतो. पेलेटचा ब्रँड बदलतानाही तेच होतं. म्हणून प्रत्येक नव्या डब्याचे पहिले वीस शॉट्स नुसते मारायचे, मोजायचे नाहीत. हा नियम न पाळल्यामुळे चांगले पेलेट नापास झालेले मी पाहिलेत.

आता टेबल. हाताने मारून पेलेट तपासता येत नाही, कारण तेव्हा तपासणी नेमबाजाची होते. राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज पेलेट किंवा रायफल बनवणाऱ्या कंपनीच्या जर्मनीतल्या टेस्ट रेंजवर जाऊन लॉट (एकाच खेपेत बनलेले पेलेट) निवडतात. ते खर्च आपल्या आवाक्यातले नाहीत. पण तत्त्व एकच आहे, रायफल शिकंजात धरायची आणि माणूस बाजूला करायचा. आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड चौकोनी पाइपची चौकट करून घेतली, पायांत वाळू भरली, वर कडप्प्याची जाड फरशी बसवली आणि तिच्यावर शिकंजा बोल्टने आवळला. जबड्यांना आतून चामडं लावलं. सगळं मिळून आठ हजारांच्या आत बसलं. शिकंजा ॲक्शनला किंवा स्टॉकखालच्या रेलला धरावा. नळीला कधीही धरू नये, नळी दाबली गेली की मार सरकतो. चौकट फरशीवर डुगडुगत असेल तर पायाखाली पाचर ठोकावी. चौकटीवर हात ठेवून कुणी उभं राहणार नाही हेही पाहावं, नाहीतर ग्रुप मोठा होतो आणि दोष पेलेटवर जातो.

कागदाचाही विषय आहे. साध्या झेरॉक्स कागदाला भोक पडत नाही, तो फाटतो. टार्गेटचा खरा जाड कार्डच वापरावा. त्यातही भोक पेलेटपेक्षा किंचित लहान पडतं. म्हणून सुरुवातीला वेगवेगळ्या जागी एकेक शॉट मारून सुट्या भोकांचा व्यास व्हर्नियरने मोजला. तो आकडा ग्रुपच्या बाहेरच्या मापातून वजा केला की मध्य ते मध्य अंतर मिळतं. आपल्याकडे प्रत्येक शेडमध्ये कूलर असतो. टेस्टच्या वेळी तो बंद ठेवायचा. झोताने कार्ड हलतं, आणि दमट हवेने ते फुगतं.

नमुन्याचे डबे जमवायला नोव्हेंबरचा उरलेला महिना गेला. जळगावात मॅच पेलेट हवे तेवढे मिळत नाहीत, पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात. पाचशे पेलेटचा जर्मन मॅच डबा आम्हाला हजार ते दोन हजारांच्या दरम्यान पडला. आरडब्ल्यूएसचे आर-१० आणि माइस्टरकुगेल्न, एच अँड एनचा फिनाले मॅच, जेएसबीचा मॅच हे नेहमीचे घोडे. रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा घ्यावा, पिस्तुलाचा हलका पेलेट वेगळा असतो. डब्यावर हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मि.मी.मध्ये) लिहिलेला असतो, जसं ४.४९, ४.५० किंवा ४.५१. स्टिकरवरचा लॉट नंबरही पाहावा, तोच सगळ्यात महत्त्वाचा. एकाच ब्रँडच्या, एकाच हेड साइजच्या दोन लॉटमध्ये जेवढा फरक सापडतो, तेवढा कधी कधी दोन ब्रँडमध्येही सापडत नाही. साचा झिजतो, बदलतो, शिशाची नवी खेप येते, आणि पेलेट तोच राहत नाही. ‘आर-१० चांगला’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणता लॉट आणि कोणत्या नळीत, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कुरियरवाला ‘गोळ्या’ हा शब्द ऐकला की पार्सल घेत नाही. बिलावर आणि पाकिटावर ‘एअर रायफल पेलेट, शिशाचे, दारूविरहित’ असं लिहायला दुकानदाराला सांगावं. डबे फोमच्या चकत्या घालून, आत पेलेट खुळखुळणार नाहीत असे बांधून मागवावेत. पेलेटचा मागचा स्कर्ट, म्हणजे पोकळ घेर, कागदासारखा पातळ असतो आणि रस्त्याच्या खड्ड्यांत तो दबतो. डबा उघडल्यावर पांढऱ्या कापडावर थोडे थोडे ओतून, दिव्याखाली स्कर्ट पाहून दबलेले बाजूला काढले. ते फेकू नयेत, नळीला शिशाचा थर बसवण्यासाठी कामाला येतात.

वजन करून निवडावं का, हा प्रश्न सगळे विचारतात. जळगाव सोन्याचं गाव, त्यामुळे एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा सराफाकडे सहज पाहायला मिळतो. हिशोब असा आहे: वजनात एक टक्का, म्हणजे पाच मिलिग्रॅमचा फरक असेल तर वेगात सुमारे अर्धा टक्का पडतो आणि मार ०.१८ मि.मी. हलतो. मॅच दर्जाच्या डब्यात बहुतेक पेलेट याहून जवळ असतात. फक्त फार वेगळे पडणारे काढायला काटा बरा. बाकी पेलेट वजनानुसार पुड्यांत भरत बसण्यात संध्याकाळ घालवू नये. स्कर्ट पाहणं आणि लॉट निवडणं यातून त्याच्या कितीतरी पट मिळतं.

डिसेंबरमध्ये पहिली फेरी झाली. प्रत्येक डब्याचे वीस शॉट्स फुकट, मग दहाचा एक ग्रुप. पाचच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नये. त्याच पेलेटचा दहाचा ग्रुप सरासरीने पाचाच्यापेक्षा पाव हिश्शाने मोठा येतो, आणि पाचचा ग्रुप नशिबाने सुंदर दिसण्याची शक्यता बरीच असते. रायफलसोबत आलेल्या कंपनीच्या टेस्ट कार्डवर पाच शॉट्सचं एकच गोंडस भोक असतं, ते पाहून वाईट वाटून घेऊ नये. पहिल्या फेरीत कुणाला विजेता ठरवायचं नसतं, फक्त उघड वाईट ते बाद करायचे. बाहेरून बाहेर साडेआठ मि.मी. देणारा एक नावाजलेला लॉट आमच्या नळीत इथेच गेला. शेजारच्या रायफलमध्ये तोच लॉट चांगला चालतो.

ग्रुपचा आकार वाचायला शिकलं की अर्धं काम होतं. ग्रुप उभा ताणलेला असेल तर वेग पाहा, रेग्युलेटर किंवा ओ-रिंग. आडवा ताणलेला असेल तर शिकंजा किंवा कार्डाची पकड सैल आहे. दोन वेगळे पुंजके दिसले तर ॲक्शन जबड्यात सरकतेय किंवा स्टॉकचा स्क्रू ढिला आहे. नऊ एकत्र आणि एक लांब असेल तर बहुतेक तो स्कर्ट दबलेला किंवा तिरका बसलेला पेलेट. पेलेट नळीच्या मागच्या तोंडाशी सरळ बसवायचा आणि लिव्हर दर वेळी सारख्याच वेगाने बंद करायचा. आपण मनाने फ्लायर (असा एकटा लांब गेलेला शॉट) वगळू नये. सामन्यात तो वगळला जात नाही.

जानेवारीत दुसरी फेरी. उरलेल्या प्रत्येक लॉटचे दहाचे तीन-तीन ग्रुप, आणि तेही एका दमात नाही. आधी सगळ्यांचा एकेक, मग उलट्या क्रमाने पुन्हा, म्हणजे दिवसभरात तापमान चढलं किंवा नळी मळत गेली तर त्याचा फटका एकालाच बसत नाही. प्रत्येक कार्डावर तारीख, वेळ, तापमान, सिलिंडरचा दाब आणि लॉट नंबर पेन्सिलीने लिहिला. खान्देशात हे तापमान लिहिणं फार गरजेचं आहे. जानेवारीच्या पहाटे शेडमध्ये स्वेटर लागतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. बंद सिलिंडरमध्ये २५ अंशांना २०० बार असलेली हवा ४५ अंशांना सुमारे २१३ बार होते. काठोकाठ भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत ठेवणं धोक्याचं आहे. उन्हाळ्यात थोडा कमीच भरावा आणि सावलीत, कापडात गुंडाळून न्यावा. हातपंपाने भरणाऱ्यांनी पावसाळ्यात पंपाचा कोरडा फिल्टर वारंवार बदलावा, नाहीतर पाणी रेग्युलेटरमध्ये जातं.

शिशाबद्दल आमच्या रेंजवर कडक नियम आहे आणि तो मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. पेलेट तोंडात धरायचा नाही, मग दोन्ही हात कितीही अडकलेले असोत. रेंजवर खाणं नाही, चहाही नाही. निघताना साबणाने हात धुवायचे. टार्गेटमागची भुकटी झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जमलेलं शिसं भंगारवाल्याला न देता बॅटरीचं शिसं अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्यायचं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि रेंजवर दादा-ताईबरोबर धाकटी भावंडंही येतात.

दुसऱ्या फेरीअखेर दोन लॉट उरले. एकाचे ग्रुप बाहेरून बाहेर सहा मि.मी.च्या जरा अलीकडे-पलीकडे, दुसऱ्याचे किंचित मोठे पण फारच सारखे. असा पेच पडला की फक्त सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं अंतर पाहू नये. तिन्ही कार्डं एकमेकांवर ठेवून, खिडकीच्या काचेवर धरून तीस भोकं एकत्र पाहिली. मधली दाटी कोणाची जास्त हे तेव्हा स्पष्ट दिसलं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे निर्देशांक मिळतात, मग मध्यापासूनची सरासरी त्रिज्या काढावी, ती जास्त खरी. शेवटी पहिला लॉट घेतला.

लॉट ठरल्याबरोबर त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून नंबर सांगितला आणि शिल्लक डबे राखून ठेवायला लावले. हे आठवडाभरही पुढे ढकलू नये, लॉट संपला की संपला. किती घ्यायचे? सामन्यात ६० शॉट्स आणि आधीच्या पंधरा मिनिटांतले सायटर (नेम जुळवण्याचे, गुणांत न धरले जाणारे शॉट्स) धरले तर एका डब्यात सहा सामने निघतात. रोजच्या सरावाला हाच पेलेट वापरला तर डबा आठवड्यात संपतो. आमची वाटणी अशी: रोजच्या सरावाला त्याच वजनाचा स्वस्त पेलेट, सामन्याआधीचे दोन आठवडे आणि सामना निवडलेल्या लॉटवर. पेलेट बदलला की शून्य (साइट आणि मार यांची जुळणी) हलतं, म्हणून पीप साइटच्या (डोळ्याजवळच्या, भोकातून पाहायच्या साइटच्या) किती क्लिक फरकाचे हे डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलंय. पाच डबे फेब्रुवारीत आले. ते घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेत, कारण पावसाळी दमटपणात शिशावर पांढरी भुकटी धरते आणि असा पेलेट पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

वरळीला सामन्यासाठी रेल्वेने जाताना रायफल कुलूपबंद केसमध्ये, सोबत बिलाची प्रत, आधार, नेमबाज ओळखपत्र आणि जिल्हा संघटनेचं पत्र ठेवावं. विमानाने जायचं तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून, एअरलाइनला आधी कळवून. पेलेट हातातल्या बॅगेत फोममध्ये बांधून न्यावेत, पण फक्त रेल्वेत. समुद्राकाठच्या दमट हवेत पोचल्यावर पहिल्या सरावात शून्य पुन्हा पाहावं.

शेवटचे दोन डबे उरतील तेव्हा नव्या लॉटचा शोध सुरू करायचा. त्या वेळी जुन्या लॉटचे शंभरेक पेलेट हमखास बाजूला ठेवावेत. नव्या प्रत्येक लॉटशेजारी त्याच दिवशी, त्याच शिकंजात जुन्याचे ग्रुप मारले की नवा चांगला आहे की फक्त त्या दिवशीची हवा चांगली होती, हे लगेच कळतं.